दिवाळीत कोकणात येताय, मग भरती-ओहोटीची नेमकी वेळ कोणती धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की लक्ष्मीपूजनानंतर तीन-चार दिवस फॅमिली घेऊन कोकणात यायचंय, सोबत दोन लहान मुलं आणि आई, अलिबागचा कुलाबा किल्ला चालत करायचाय, मग हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, हर्णैला सुवर्णदुर्ग आणि शेवटी मालवण. नेटवर भरती-ओहोटीच्या वेळा बघितल्या तर प्रत्येक साइट वेगळं सांगते, त्यातली खरी कुठली, आणि ओहोटीला पाण्यात उतरलं तर सेफ असतं ना. मी हर्णैचा, आधी मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, होतो, आता टुरिस्ट नेतो-आणतो, हा प्रश्न सीझनला रोज कोणीतरी विचारतंच म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुम्ही विचारताय वेळ, पण तुम्हाला खरं हवंय ते वेगळंच आहे. पाणी आत्ता चढतंय का उतरतंय, आज किती चढणार आहे, आणि तुम्ही उभे आहात ती जागा कसली आहे, या तीन गोष्टी कळल्या की घड्याळ वीस-पंचवीस मिनिटं चुकलं तरी काही बिघडत नाही. आणि या तीन कळल्या नाहीत तर मिनिटापर्यंत बरोबर वेळ हातात असूनही माणूस अडकतो. दरवर्षी अडकतातच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये ॲप असतं.

आता वेळा वेगवेगळ्या का दिसतात ते बघा. मुंबईपासून मालवणपर्यंत भरती एकाच वेळी येत नाही, ती दक्षिणेकडून वर सरकत येते, त्यामुळे मालवण-गोव्याला पाणी आधी भरतं आणि मुंबई-अलिबागला साधारण पाऊण ते एक तास उशिरा. मध्ये आम्ही, रत्नागिरी-दापोलीवाले. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी बंदरांचे भरतीचे तक्ते काढतं आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर पण अंदाज मिळतो, ते धरा. बाकी साइट कुठलं बंदर धरून सांगतायत ते लिहिलेलं असतं पण आपण वाचत नाही. काही परदेशी साइट तर वेळ जीएमटीमध्ये देतात, म्हणजे आपल्यापेक्षा सरळ साडेपाच तास मागे, त्या आकड्यावर प्लॅन केलात तर ओहोटी समजून भरतीत जाल, एवढं एक मात्र नक्की तपासा.

पण खरं सांगायचं तर आमच्याकडे जुनी माणसं ॲप बघत नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघतात. हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आसपास आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. हे चालतं कारण चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागे जातं, पाऊणपट म्हणजे रोजची पंचेचाळीस मिनिटं झाली. ती चार-पाच मिनिटं कमी पडतात म्हणून पक्षाच्या शेवटाला हिशोब थोडा मागे राहतो, पौर्णिमेला उत्तर येतं सव्वाअकरा आणि अलिबागला पाणी भरतं पावणेबारा-बाराला. मग प्रतिपदेला पुन्हा एकपासून मोजायला घ्यायचं. मधल्या तिथींना, म्हणजे सप्तमी ते दशमी, पाणी जरा लहरी असतं, एका दिवसातून दुसऱ्या दिवशी तासाभराच्या वर पण सरकतं, तेव्हा त्या दिवसांत हिशोबाला अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे सोडायचा.

आता तुमच्या दिवाळीचं बघू. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या, त्यामुळे तुम्ही कुठल्याही वर्षी या, दिवाळीत उधाणच असणार. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, तेव्हा पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, त्याला भांग म्हणतात. आणि अमावस्येलाच पाणी सगळ्यात मोठं असतं असं नाही, खरा जोर एक-दोन दिवसांनी, म्हणजे बीज-तीजेला येतो, नेमके तुम्ही फिरत असाल तेव्हा. उधाणाचा फायदा पण आहे, पाणी समुद्रात लांब मागे जातं, ज्या जागा एरवी पाण्याखाली असतात त्या उघड्या पडतात. कुलाब्याची वाट आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा दोन्हीला तेच पाहिजे. फक्त जेवढं लांब गेलंय तेवढंच ते परत येणार.

किती येतं ते जागेवर आहे. मुंबई-अलिबागकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटर आणि वर फरक पडतो, रत्नागिरीला अडीचच्या आसपास, मालवणला दोनच्या आसपास. वर खंभातच्या आखातात तर दहा मीटरपर्यंत जातो, कारण ते आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलंय, आणि मुंबईपुढे समुद्र खूप लांबपर्यंत उथळ आहे त्याचाही हातभार आहे. म्हणून मालवणवाला म्हणाला की अहो काय नाय होत, चला, तर ते मालवणला ठीक असेल, अलिबागला तोच हिशोब लावू नका.

कुलाबा किल्ल्याबद्दल नीट लिहितो कारण तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडीच. लोक काय करतात, ओहोटी साडेपाचला आहे ना मग साडेपाचला निघू. तिथेच चुकतं. पाणी एकसारखं चढत नाही. चार मीटरचं उधाण धरलं तर ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात जेमतेम फूटभर चढतं, कळत पण नाही, दुसऱ्या तासात दोन फूट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन फूट. म्हणजे किल्ल्यात गणपतीच्या देवळाशी बसून निवांत फोटो काढताना बाहेर बघितलं तर काहीच बदललेलं दिसत नाही, आणि मग अर्ध्या तासात मधल्या सखल पट्ट्यात गुडघ्यापर्यंत पाणी. मधला पट्टा, हे लक्षात ठेवा. तुमच्या पायाखाली कोरडं आहे यावरून वाट कोरडी आहे असं होत नाही, किनारा आणि किल्ला दोन्हीकडे उंचवटा आणि खोलगट भाग मध्ये, पाणी आधी तिथे भरतं आणि तुम्ही दोन्ही बाजूंनी कापले जाता.

म्हणून नियम एकच, उतरत्या पाण्यामागून जायचं आणि ओहोटी पूर्ण होऊन तासाच्या आत परत किनाऱ्याला. लक्ष्मीपूजनाला अलिबागला ओहोटी साधारण संध्याकाळी साडेपाच ते सहा, तेव्हा अंधार पडायला येतो, मुलं आणि आईला घेऊन मी तरी सांगणार नाही. भाऊबीजेला ओहोटी सकाळी सात-साडेसातच्या आसपास येईल, उजाडल्या उजाडल्या सहा-सव्वासहाला चालायला लागा, आठपर्यंत परत किनाऱ्याला या, एकदम छान. आईंना घोडागाडीत बसवा, ओल्या खडकाळ वाटेवर शेवाळ असतं. आणि उशीर झालाच तर हिंमत दाखवून पाण्यातून चालत यायचं नाही, किल्ल्यातच थांबायचं, होडीची चौकशी करायची, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट बघायची, किल्ला कुठे जात नाही.

आणखी एक, दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीला पाणी पार लांब जातं, दुसरीला मीटरभर कमी पण जाऊ शकतं. तिथीवरून वेळ कळते, हे कळत नाही, त्याला तक्त्यातला मीटरचा आकडाच बघावा लागतो. तो आकडा छोटा असेल तेवढी वाट जास्त सुकणार. पण ०.५ मीटर लिहिलंय म्हणजे वाटेवर अर्धा मीटर पाणी असा अर्थ नाही हां, तो आकडा नकाशावरच्या एका ठरावीक खालच्या पातळीपासून मोजलेला असतो, तुमच्या पायापासून नाही. भरतीचं पण तसंच, पावसाळ्यात मोठी भरती दिवसा दुपारी येते आणि थंडीत मध्यरात्री. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती असली की पालिका इशारा देते ते जून-जुलैत दुपारचे आकडे असतात, डिसेंबरात बघाल तर तेवढाच आकडा रात्री बाराला दिसेल.

हरिहरेश्वरला वेगळा प्रकार आहे. तिथे पाण्यातून चालायचं नाहीये, डोंगराच्या घळीतून पायऱ्या खाली खडकांवर उतरतात आणि समुद्राच्या कडेकडेने देवळाकडे परत यायचं. भरतीला ती वाट बंदच, ओहोटीला मोकळी. पण इथे वेळेपेक्षा लाट महत्त्वाची. माणसं खडकावर उभी असतात, पाणी दहा फूट खाली असतं, पाच-सात लाटा नॉर्मल येतात आणि मग एक मोठी येते आणि खडक धुऊन नेते, तिथे असे बळी गेलेत. ओली रेष बघा. खडक कुठपर्यंत ओला आणि काळपट चकचकीत आहे, तिथपर्यंत लाट आत्ताच येऊन गेलीय, त्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊल नाही, फोटोसाठी तर नाहीच नाही. उतरण्याआधी वर पायऱ्यांवर दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा आणि देवळाजवळच्या माणसांना विचारा, ती सांगतील आज जायचं की नाही. नाही म्हणाले तर वाद घालू नका. शिवाय सावित्री नदी तिथेच समुद्राला मिळते, पलीकडे बाणकोट, त्या मुखाजवळ पोहायला उतरायचं डोक्यात सुद्धा आणू नका.

यावरून तुमचा दुसरा प्रश्न, ओहोटीला पाण्यात उतरलं तर सेफ का. नाही. हा गैरसमज सगळ्यात वाईट आहे. चालायला ओहोटी चांगली, पोहायला नाही. पाणी उतरत असताना ते बाहेर चाललेलं असतं आणि तुम्हाला पण बाहेरच नेणार. खाडीच्या तोंडाशी तर विचारूच नका, अंजर्ल्याची जोग, केळशीची भारजा, दाभोळची वाशिष्ठी, देवबागला कर्ली, या सगळ्या खाड्यांत मैलोन्‌मैल आत भरलेलं पाणी ओहोटीला एका अरुंद तोंडातून बाहेर पडतं, तिथे चांगला पोहणारा पण टिकत नाही. आमच्या मोठ्या बोटी सुद्धा अंजर्ल्याच्या खाडीत शिरायला भरतीची वाट बघतात, कारण तोंडाशी गाळ साचलाय आणि उतरत्या पाण्यावर समोरून लाट आली की ती उभी राहते, बोट आडवी झाली की संपलं.

मोकळ्या किनाऱ्यावर दुसरी गोष्ट असते, ओढ. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी जे बुडतात ते बहुतेक यात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, वाळूच्या दांड्यात जिथे खाच असेल तिथून जोरात बाहेर पडतं, आणि पाणी कमी असताना ही खाच जास्त जोर धरते. ओळखायची कशी, तर सगळीकडे लाटा फुटून पांढरं झालेलं असतं आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, कधी गढूळ, त्यावरून फेस आणि कचरा समुद्राकडे चाललेला. नवीन माणसाला वाटतं इथे लाटाच नाहीत, इथे मुलांना सोडू. तीच जागा टाळायची. सापडलातच तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमाल, अंग सैल सोडून तरंगा, जमलं तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, तो पट्टा फार रुंद नसतो, बाजूला लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर आत या. आणि कोणी ओढला गेला तर मागोमाग उडी टाकू नका, तरंगणारं काहीतरी फेका, हाका मारा. एकाच्या मागे तिघं गेलेत असे किस्से आमच्या किनाऱ्यावर कमी नाहीत.

पाणी चढतंय की उतरतंय हे मोबाइलशिवाय कसं बघायचं ते पण सांगतो, मुलांना मजा येईल. पाण्याच्या कडेला वाळूत काठी रोवा आणि दहा मिनिटं थांबा. एका लाटेवरून ठरवू नका, सगळ्यात वर येणारी लाट काठीच्या पुढे जाते की मागे राहते ते बघा. किंवा खाडीत नांगरलेल्या होड्या बघा, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाणी येतं त्या दिशेला वळते, नाळ समुद्राकडे असेल तर पाणी आत येतंय, गावाकडे असेल तर बाहेर चाललंय. जोराचा वारा असला तर होडी वाऱ्याने पण फिरते, तेव्हा एका होडीवर विश्वास नको, चार बघा. किनाऱ्यावर सुक्या कचऱ्याची, काटक्यांची जी रेष दिसते ती आधीच्या भरतीची हद्द, चटई त्याच्या वरच्या बाजूला टाकायची, आणि गाडी तर वाळूत न्यायचीच नाही. दर सीझनला एखादी तरी गाडी भरतीत अडकते आणि मग आम्हीच ट्रॅक्टर शोधत बसतो.

सुवर्णदुर्गला इथून होडीने दहा-पंधरा मिनिटं, पण चढ-उताराला धक्का वगैरे सोय धरू नका, पाण्यात उतरून चालावं लागतं. दिवाळीच्या दिवसांत सकाळी लवकर आलात तर पाणी कमी असतं, खडक उघडे असतात, आईंना जपून उतरवावं लागेल. साडेनऊ-दहानंतर पाणी चढलं की होडी जवळ लागते. आमच्याकडे दुपारचं उन्हं आणि वारा दोन्ही वाढतात, लाट उठते, म्हणून मी मुलं असली की दुपारी तीन-चारला निघतच नाही. संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव मात्र बघा. बोटी खोल पाण्यात उभ्या असतात आणि मासळी बैलगाडीने पाण्यातून किनाऱ्यावर येते, आईंना ते जास्त आवडेल.

मालवणला सिंधुदुर्गाची होडी जेट्टीवरून सुटते, भरती-ओहोटीचा तिथे टुरिस्टला फारसा प्रश्न येत नाही. देवबागचं त्सुनामी आयलंड म्हणजे कर्लीच्या मुखाशी वाळूचा दांडा, भरतीला पाण्याखाली जातो, तिथे लक्ष्मीपूजनाला अकराच्या सुमाराला पूर्ण भरती धरा, म्हणजे त्या दिवशी सकाळी आठच्या आत नाहीतर दुपारी तीननंतर, आणि पुढे रोज या वेळा पाऊण तास पुढे सरकवा. आणि स्नॉर्कलिंग, स्कूबा हा मुख्य हेतू असेल तर दिवाळीपेक्षा आठवडाभर नंतर, सप्तमी-अष्टमीच्या भांगाला या, उधाणाला पाणी ढवळून गढूळ होतं, भांगाला नितळ असतं. वाटेत वेळ असला तर देवगडजवळ कुणकेश्वरला ओहोटीला थांबा, खडकात कोरलेली शिवलिंगं पाणी गेल्यावरच दिसतात. हेदवीची बामणघळ उलट, तिथे भरतीला जायचं, खडकाच्या चिरेत पाणी शिरून वर उसळतं, लांबूनच बघायचं.

हे सगळं हवा शांत असेल तर. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रात वादळांचा पण काळ आहे. 2019 ला नेमकं दिवाळीत क्यार वादळ आलं, ते आपल्या किनाऱ्याला धडकलं सुद्धा नाही, लांबून गेलं, पण अमावस्येचं उधाण आणि वादळाच्या लाटा एकत्र आल्या आणि सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या वस्तीत पाणी शिरलं. अशा वेळी तिथीचा हिशोब, ॲप, माझं हे सगळं लिहिलेलं बाजूला ठेवायचं. कधीकधी तर इथे वारा नसतो, ऊन पडलेलं असतं आणि दक्षिणेकडे हजारो किलोमीटर लांब उठलेल्या लाटा येऊन आपटतात, त्याचा इशारा इन्कॉइस आधी देतं. निघायच्या आदल्या दिवशी तो बघा, आणि बंदरात धोक्याचा बावटा लागलाय का, होड्या बाहेर पडल्यात का ते विचारा. सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसल्या तर त्या दिवशी देवदर्शन करा, सोलकढी प्या.

होडीत बसताना मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा. मोठ्यांचं जॅकेट लहान पोराला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून येतं, आणि सीझनच्या गर्दीत छोटी जॅकेटं बऱ्याच ठिकाणी कमी पडतात, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं. मुलांची वयं आणि आईंना गुडघ्याचा वगैरे त्रास आहे का ते कळवा, मग सुवर्णदुर्गाला कुठल्या वेळेची होडी धरायची ते सांगतो.